सोलोबाईंची मागची रांग

लेखणी हाती धरण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच मान्य करते. आयुष्यभर इतरांचे लिहिलेले वाचण्यात सुख मानले. स्वतः लिहावे असे साठी उलटेपर्यंत मनातही आले नाही. परंतु आमच्या मुलुंडच्या चर्चमधील जुनी माणसे एकेक करून कमी होत चालली आहेत, आणि सोलोबाईंविषयी अजून कोणीच काही लिहिलेले नाही. म्हणून हे धाडस. उणेअधिक वाचकांनी सांभाळून घ्यावे.

नाताळच्या उपासनेत एकटीने म्हणायचे गीत, म्हणजे सोलो, वर्षानुवर्षे त्यांच्याकडे असे; त्यावरून हे नाव पडले. त्यांचे खरे नाव मंडळीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसावे. आवाज असा, की तो कानावर पडताच हातातले काम थांबावे. दिवसा त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून देत. एकदा नागपूरचे कोणी गृहस्थ कॉल लागल्यावरही म्हणाले, "बाई, थोडा वेळ तुम्हीच बोला ना." हा किस्सा सांगताना त्यांना हसू आवरत नसे. "मी म्हटलं, भाऊसाहेब, तुमची तीन मिनिटं चाललीत, बायकोशी बोला!"

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन मुलुंडला आले आणि भीतभीतच गायनमंडळात दाखल झाले. आमचे गायनमंडळ मुख्य दरवाजाच्या वर, मंडळीच्या पाठीमागे, लाकडी माळ्यावर बसत असे. पुढच्या रांगेत गाण्याची मूळ चाल गाणाऱ्या सोप्रानो, मागच्या रांगेत खालच्या सुरात साथ देणाऱ्या आम्ही आल्टो. पुढच्या रांगेच्या मधोमध सोलोबाई. मला त्यांची फक्त पाठ आणि अंबाडा दिसे, आणि तेवढ्यानेही मी दबून जात असे.

त्याच वर्षी नगरकडून शीला नावाची मुलगी नर्सिंग शिकायला आली आणि कांजूरमार्गला मामाकडे राहू लागली. सरावाच्या पहिल्याच दिवशी ती गायली आणि आमचे मास्तर पेटी वाजवायचे विसरले. जिना उतरताना कोणीतरी कुजबुजले, "आता सोलोबाईंची वाट लागली." बाई दोन पायऱ्या पुढेच होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

पुढे त्यांचा घसा बसला आणि काही रविवार त्या खाली बाकावर बसल्या. घसा मोकळा झाला तेव्हा त्या माळ्यावर आल्या, पुढची रांग ओलांडून सरळ मागच्या रांगेत गेल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मास्तर गडबडले. "अहो बाई, हे काय? लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणणार नाहीत, मास्तर. लोकांची आपल्याकडे पाठ असते. सोलो शीलाला द्या. मी तिची तयारी करून घेते."

आल्टोची चाल एकटीने म्हटली तर ओळखूसुद्धा येत नाही. इतरांच्या सुरात मिसळली तरच तिला अर्थ. बाई पोळ्या लाटताना ती घोकत. शेजारच्या मालवणी काकू एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गो बाय, चाल विसारलंस की काय?" बाई म्हणाल्या, "विसरले नाही हो काकू. माझ्याकडे अर्धंच आहे. उरलेलं चर्चमध्ये असतं."

एवढी समाधानी बाई मी पाहिली नव्हती. मी स्वतः धाकट्या बहिणीचे पार्ल्याचे घर, तिचे पडदे, तिच्या मुलाचे गुण यांच्याशी रोज आपले काहीतरी ताडून पाहणारी. एकदा त्यांच्याकडे चहा घेताना मी विचारले, "बाई, तुम्हाला खरंच काही वाटलं नाही?"

"वाटलं नाही? अगं, रोज गुडघे टेकून प्रार्थना करायचे, देवा, त्या पोरीला सर्दी होऊ दे!"

"मग?"

"मग काय, मलाच झाली." त्या खदखदून हसल्या. मग बशी खाली ठेवून सावकाश म्हणाल्या, "खाली बसले ना, तेव्हा तिला पहिल्यांदा खरं ऐकलं. माळ्यावर आपल्याला आपलाच आवाज ऐकू येतो गं. खाली बसून मी ढसाढसा रडले. वाटलं, प्रभूने हा गळा तिला दिला खरा, पण ऐकायला मला बसवलं. म्हणजे मलाही दिलंच की. मग मी त्याच्याशी भांडू कशासाठी?"

 मी चहा संपवला.

त्या नाताळला उपदेशासाठी एक वयोवृद्ध, नजर अधू झालेले निवृत्त पाळकसाहेब आले होते. बाईंचा सोलो त्यांनी पूर्वी अनेकदा ऐकलेला. शीलाची गावाकडून आलेली आई खाली नव्या लुगड्यात बसली होती. शीला गायली, श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे हळुवार सोडायचा, सारे बाईंनी शिकवलेले. गीत संपले. पाळकसाहेब उपदेशपीठावर उभे राहिले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "आमच्या सोलोबाईंचं वय वाढतंय, आवाज मात्र तरुण होत चाललाय!"

सारी मंडळी हसून मागे वळली. शेकडो कौतुकभरले चेहरे वर, आमच्या माळ्याकडे. शीलाने मान खाली घातली. मास्तर पेटीच्या पट्ट्यांकडे पाहत राहिले. भर उपासनेत पाळकसाहेबांची चूक कोण काढणार?

सोलोबाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, आवाज तरुण झालेला नाही. मुलगी तरुण आहे. ही आमची शीला. आई खाली बसलीय तिची." आणि किंचित थांबून, "मी आल्टोत होते."

 मग पाळकसाहेब म्हणाले, "म्हणजे देवाने आम्हाला दोघी दिल्या," आणि मंडळीने मोठ्याने "आमेन" म्हटले. मी चोरून बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर कुठेतरी एखादी खंत दिसते का, हे शोधत होते. दिसला तो केवळ आनंद. आणि तो पाहताना मला जवळजवळ भीती वाटली, इतका तो स्वच्छ होता.

बाई पुढे निवृत्त होऊन गावी गेल्या आणि तिथेच प्रभूच्या घरी गेल्या. त्या गावी निघण्याआधी निरोप घ्यायला गेले, तेव्हा त्या नाताळचा विषय मीच काढला होता. त्या म्हणाल्या, "मोह झाला होता गं. ते कौतुक कानाला फार गोड लागलं. पण पुढचं गीत सुरू व्हायचं होतं, आणि मला माझा सूर पकडायचा होता."

त्या गप्प बसल्या असत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. वाचकहो, त्या माळ्यावर, त्या क्षणी, तुम्ही उठून उभे राहिला असता का?