खालून ओरडणारा माणूस

"हूक दाखव!"

त्यांचं दिवसातलं पहिलं वाक्य हे असायचं. राम राम नाही, चहा झाला का नाही. मान मागे इतकी टाकलेली की डोक्यावरचं हेल्मेट आता पडतंय असं वाटावं, उन्हाला आडवा धरलेला हात कपाळावर, तोंड अर्धवट उघडं, आणि वरच्या माणसाला ही आरोळी. मग वरच्याने हातातलं काम थांबवायचं आणि आपल्या दोरीचा हूक जिथे अडकवला असेल तिथे बोट दाखवायचं. ते बोट दिसेपर्यंत खालचा आवाज बंद होत नसे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. तो जवळ असला की वैताग येतो आणि नसला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आम्ही त्यांना पाठीमागे 'भोंगा' म्हणायचो. तोंडावर काका.

रत्नागिरीजवळ हातखंब्याच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, आंब्याचा रस साठवायच्या कोल्ड स्टोरेजची मोठी लोखंडी शेड उभी राहत होती. मी पालीचा, वेल्डिंगच्या कामाला. सुभाष माझा जोडीदार. काका मूळचे मंडणगडकडचे, पण उभी हयात मुंबईत काढलेली. उंचावरच्या माणसांची काळजी घ्यायला म्हणून ठेकेदाराने त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं.

आले त्या दिवशीच सुभाषने वरून हाक मारली, "काका, वर या की! इथून पार पालीपर्यंत रस्ता दिसतो."

"मला नाय जमत," काका खालून म्हणाले. "मला चक्कर येते."

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. पण ते अगदी सरळ चेहऱ्याने सांगत होते. "शिडीवर थोडा चढलो की माझे पाय लटपटतात. लहानपणापासून हाय ते. घरी माळ्यावरचं पातेलं पण बायको काढते. मी खालून शिडी धरतंय."

त्या दिवशी आम्ही इतके हसलो की सुभाषला तुळई धरून बसावं लागलं. उंचीची भीती वाटणारा माणूस आम्हाला उंचीवर कसं वागायचं ते शिकवणार! काकाही हसले. हसणं संपल्यावर त्यांनी मान मागे टाकली आणि म्हणाले, "हां. आता हूक दाखव."

हे काम त्यांना कसं मिळालं तेही त्यांनीच एकदा जेवताना सांगितलं. मुंबईत ते एका बांधकामावर वॉचमन होते. गेटवर बसून दिवसभर परांचीवरच्या माणसांकडे बघायचे. कुणी कमरेला नुसती दोरी बांधून भिंत रंगवतोय, कुणी तीही नाही. बघून बघून काकांना राहवायचं नाही. मग ते गेट सोडून खाली जाऊन उभे राहायचे आणि ओरडायचे, "अरे बांध! अरे धर!" तिथला इंजिनीअर कंटाळून म्हणाला, तुम्ही तसेही दिवसभर ओरडताच, तर नीट शिकून घ्या आणि त्याचाच पगार घ्या. काका शिकले. सांगताना त्यांना त्यात काही मोठेपणा वाटत नव्हता. "माझी भीतीच मला उपयोगाला आली," एवढंच म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

रोज सकाळी ते आम्हाला ओळीत उभं करायचे. आम्ही ज्याला बेल्ट म्हणतो तो काही कमरेचा नुसता पट्टा नसतो. खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती जाणारा पट्ट्यांचा तो एक सांगाडाच असतो, आणि पाठीवर त्याची कडी असते. काका प्रत्येक शिवण बोटाने चाचपायचे. कुठे ठिणगी उडून पट्टा जळलाय का, कुठे धागा सुटलाय का. मग मांडीचा पट्टा.

"हात सपाट आत जाऊ दे. मूठ जाता नये."

सुभाषला मांडीचे पट्टे सैल ठेवायची सवय होती. उकिडवं बसलं की ते रुततात, ही त्याची तक्रार. काका त्याला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "सैल ठेवलास नि पडलास, तर नको तिथं आवळेल. मग तुजी बायको येऊन जाब मला विचारील. मी काय सांगू तिला?" सुभाषने तिथल्या तिथे पट्टा ओढला. पुढे कधी सांगावं लागलं नाही.

दोरीला दोन हूक असायचे. एक सोडायच्या आधी दुसरा अडकवायचा, आणि अडकवायचा तो डोक्याच्या वर ताणलेल्या तारेच्या दोरात. पायाशी नाही, आणि अजून बोल्ट न आवळलेल्या पट्टीला तर नाहीच. "पायाशी लावलास तर आधी हुकापर्यंत पडशील, मग दोरी संपेपर्यंत पडशील. एवढं पडायला वेळ हाय काय तुझ्याकडे?" असं ते विचारायचे. आम्हाला चालताना सारखं हूक काढ, हूक लाव करायला जीवावर यायचं. पण खालून तो आवाज यायचाच. हळूहळू हात आपोआप जायला लागले.

एवढ्यावर ते थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण काकांनी एक दिवस पोत्यात वाळू भरली, त्याला सुभाषचा फाटका शर्ट चढवला, वर बेल्ट बांधला आणि ते पोतं वरच्या तुळईला लटकवलं. म्हणाले, हा माणूस पडलाय. आता याला उतरवा.

आम्ही त्या पोत्याला बिडी दिली, त्याची सासरची चौकशी केली. पहिल्या खेपेला पोतं उतरवायला आम्हाला अर्धी दुपार लागली आणि शेवटी ते धाडकन पडून फुटलं. ठेकेदार चिडला. "काका, मी माणसं पत्रे चढवायला आणलीत का पोती उतरवायला?"

काकांनी फुटलेलं पोतं उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "साहेब, मुंबईत माझ्यासमोर एक जण असाच पडला. बेल्टाने धरलं त्याला. खाली आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, वाचला, वाचला म्हणून. तो पण वरून हात हलवत होता. मग त्याचा हात हलायचा थांबला. त्याला उतरवायचं कसं ते आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. बंबवाले येईपर्यंत तो मान टाकून होता. पट्टे मांड्यांत रुतले की रक्त पायांतच राहतं, वर येत नाय. जगला तो. पण किती महिने हॉस्पिटलात होता, ते मी बघितलंय."

ठेकेदाराने हातातला फोन खिशात टाकला आणि स्वतः जाऊन दोर धरला. त्यानंतर दर आठवड्याला पोतं उतरायला लागलं. काकांनी आम्हा प्रत्येकाच्या खिशात पट्टीच्या दोरीचा एक फासही घालून ठेवला होता. लटकलात तर बेल्टाला अडकवायचा आणि त्यात पाय घालून उभं राहायचं, म्हणजे मांड्यांवरचा भार कमी होतो.

शिमगा होऊन गेला होता. पत्रे चढवायचं काम चालू होतं. सड्यावर दुपारनंतर वारा उठतो, हे आमच्याकडच्या कुणालाही माहीत असतं. काकांनी काम थांबवायला सांगितलंच होतं. "एवढा एक पत्रा खाली घेतो," म्हणून मी आणि सुभाष वर राहिलो होतो. पत्रा उचलला आणि वाऱ्याने तो खालून असा भरला की माझ्या छातीवर दरवाजा आपटावा तसा आपटला. माझा पाय मागे गेला. मागे काही नव्हतं.

पडताना माणसाला सगळं आयुष्य दिसतं म्हणतात. मला काहीही दिसलं नाही. कापड फाटल्यासारखा चर्रर्र आवाज ऐकू आला, तेवढाच. दोरीला धक्का शोषणारं एक शिवलेलं पाकीट असतं, त्याची शिवण उसवत गेली होती. मग पाठीला हिसका बसला आणि मी थांबलो. हवेत. खाली सिमेंटची फरशी, तिच्यावर माणसं, माझ्याकडे बघणारी. पत्रा लांब जाऊन पडला होता.

वाचलो, असं वाटलं आणि हसूच आलं. मग मांड्यांचे पट्टे कळायला लागले. पायांना मुंग्या आल्या. खाली सगळे एकदम ओरडत होते, कोण शिडी म्हणतंय, कोण गाडी म्हणतंय. कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही चढा!"

"मी चढलो तर दोघांना उतरवावं लागेल," काका म्हणाले. "गप ऱ्हावा सगळे. सुभाष, पोतं उतरवतोस तसंच. हळू. तुझा हूक बघ आधी."

आणि मग ते माझ्याशी बोलायला लागले. आजवर आम्ही त्यांचा तो आवाज ऐकलाच नव्हता. पंगतीत शेजारी बसून बोलावं तसा.

"खिशातली दोरी काढ. हां. बेल्टाला अडकव. आता पाय घाल. उभा राहा. राहिलास? शाब्बास. पाय हलवत राहा. घरी आज काय केलंय?"

"काय?"

"जेवायला काय केलंय घरी?"

"बांगड्याचं तिखलं."

"नारळ घालून?"

"काका, मी लटकतोय!"

"लटकतोयस म्हणूनच विचारतंय. बोल. नारळ घालून?"

"तिखल्यात कोण नारळ घालतं?" मी खरंच चिडलो.

"आमच्याकडं घालतात."

"मग ते तिखलं नव्हे!"

वर सुभाषने तुळईला चेनपुली लावली होती. तिचा हूक त्याने वाकून माझ्या पाठीच्या कडीत घातला, मला चार बोटं वर उचललं, माझं वजन नव्या दोरावर आलं याची खात्री केली आणि मग जुना हूक सोडला. मी खाली येत गेलो. नारळावरून आमचं भांडण चालूच होतं. फरशीला पाय लागले तेव्हा पायांत जोर नव्हता. काकांनी मला काखेत धरलं आणि आडवं केलं. त्यांच्या सदऱ्याला घामाचा वास येत होता आणि मला तो फार बरा वाटला.

मला लगेच गाडीत घालून रत्नागिरीला नेलं. त्यामुळे पुढचं मला सुभाषने सांगितलं. गाडी गेल्यावर काका पाण्याच्या टाकीमागे गेले आणि भडाभडा ओकले. मग तिथेच जमिनीवर बसून राहिले. सुभाषने पाणी नेऊन दिलं. बऱ्याच वेळाने उठले, माझा बेल्ट आणि दोरी मागून घेतली आणि सुरीने दोन्हींचे तुकडे केले. ठेकेदार म्हणाला, "अहो, बेल्ट तर धडका दिसतोय." काका म्हणाले, "एकदा पडलेला बेल्ट परत कुणाच्या अंगावर जाता नये. झालं त्याचं काम."

हॉस्पिटलात मला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं. कुठे काही निघालं नाही. बायको आली, चादर बाजूला केलीन आणि माझ्या मांड्यांवरचे काळेनिळे पट्टे बघून तिने तोंडाला पदर लावला. म्हणाली, "कुणी मारलं तुम्हाला?" तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचं बोट त्या वळांवरून फिरत होतं, जणू ती कुणाची तरी सही वाचतेय. शेवटी विचारलंन, "त्या काकांना मासे चालतात ना?"

मी कामावर परतलो त्या दिवशी डबा दोघांचा होता. काकांनी तिखलं चाटूनपुसून खाल्लं, बोटं चोखली आणि म्हणाले, "सुनबाईला सांग, फार छान झालंय." मग जरा थांबून, "थोडा नारळ चालला असता."

पावसाच्या तोंडावर शेड पुरी झाली. काकांना गावी जाऊन पुढे पनवेलकडच्या कामावर जायचं होतं. मी त्यांना मोटारसायकलवरून हातखंब्याला सोडायला गेलो. एसटीला वेळ होता म्हणून टपरीवर बसलो. त्यांनी कांदाभजी सांगितली. प्लेट आली ती माझ्यासमोर सरकवलीन.

"तुम्ही घ्या ना काका."

"तू खा. मी बघतंय."

मी खाल्ली. ते खरंच बघत होते, समोर बसून, हातात चहा तसाच धरून. झालेल्या प्रकाराबद्दल आम्ही तोवर एकदाही बोललो नव्हतो, आणि तेव्हाही बोललो नाही. मी मिरची चावली, डोळ्यांत पाणी आलं, तशी त्यांनी पाण्याचा जग पुढे केला. ट्रक जात होते, धूळ उडत होती. मला बरंच काही म्हणायचं होतं. तेवढ्यात खेडकडे जाणारी गाडी लागली. काका पिशवी उचलून धावले, दारातल्या गर्दीत एकदा त्यांचं डोकं दिसलं आणि गाडी निघालीसुद्धा.

मी हात हलवून परत टपरीवर आलो. किल्ली उचलली, तर टपरीवाला म्हणाला, "बसा, बसा. तुमचे काका आणखी एक प्लेट सांगून गेलेत."

कढईतून गरम भजी समोर आली. मी बसलो आणि सगळी खाल्ली.