नागवेणीचे बारा प्लगइन

नागवेणीने सकाळी सव्वासातलाच कुवेंपुनगरच्या ऑफिसचं कुलूप उघडलं. साडेअकराला ट्रस्टची माणसं येणार होती, आणि तिने दीड वर्ष खपून जे उभं केलं होतं ते गेले चार दिवस चालायला तयार नव्हतं.

म्हैसूरच्या या लहानशा कंपनीकडे एकच मोठं गिऱ्हाईक उरलं होतं, बारा डायलिसिस केंद्रं चालवणारा ट्रस्ट. कोणत्या रुग्णाला कोणत्या मशीनवर कधी घ्यायचं, हे नागवेणीने जावा भाषेत लिहिलेला वेबवरचा प्रोग्राम ठरवी. पण प्रत्येक केंद्राची तऱ्हा निराळी. चामराजनगरच्या रुग्णांना जंगलातून येणारी बस बघून वेळ द्यायची, मडिकेरीत दरड कोसळली की सगळ्या पाळ्या पुढे ढकलायच्या. एका केंद्राची एक ओळ बदलायची तर बाराही केंद्रांचा सर्व्हर बंद करायला लागे. म्हणून तिने सगळ्यांना लागणारा गाभा वेगळा काढला आणि प्रत्येक केंद्राचे नियम एकेका प्लगइनमध्ये, म्हणजे सुट्या जोडभागात, घातले. हवं तेव्हा लावा, हवं तेव्हा काढा, शेजाऱ्याला धक्का लागणार नाही. कागदावर सुरेख.

मालक शिवलिंगप्पांनी स्पष्टच सांगितलं होतं. आज हे चाललं नाही तर ट्रस्ट बंगळूरच्या कंपनीकडे जाईल आणि म्हैसूरच्या ऑफिसला टाळं लागेल. बाकीच्यांचं काय, त्यांना कुठेही नोकरी मिळाली असती. नागवेणीला बावन्न पूर्ण झाली होती. मूळची नंजनगूडची, शाळेत सहा वर्षं गणित शिकवून तिशीत साडीच्या दुकानावरच्या एका क्लासात जावा शिकलेली, आणि पुढची एकोणीस वर्षं याच खुर्चीत. नवरा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर. महिन्यापूर्वी तिने चोरून एके ठिकाणी मुलाखत दिली होती. तिथल्या पंचविशीतल्या पोरीने हसतमुखाने विचारलं, निवृत्तीनंतरचा विरंगुळा म्हणून बघताय का? नागवेणी ते घरी कुणाला बोलली नाही.

बिघाडही कसा विचित्र. प्रत्येक प्लगइन एकटं नीट चाले. गाभ्याने त्याच्या हाती रुग्ण सोपवला, की सर्व्हर लाल अक्षरांत कळवी, हा रुग्ण रुग्ण नाही. नाव तेच, रचना तीच, तरी नाही. चार दिवस ती त्या ओळीकडे बघत बसली होती, आणि चार दिवस हाताखालच्या योगानंदला बोल लावत होती, कारण बारापैकी सात प्लगइन त्याने लिहिले होते.

आठला योगानंद इडलीचं पार्सल घेऊन आला.

"अक्का, आधी खा. उपाशी डोक्यात काही शिरत नाही."

"तुझं तर रोज भरलेलं असतं. शिरलं काही? कोलारच्या प्लगइनमध्ये काय घाण करून ठेवलीयस, ते सांग."

"तुमच्या नियमावलीत लिहिलंय तेच केलंय. गाभ्याची प्रतसुद्धा आत घातलीय, सगळ्यांत."

नागवेणीचा घास हातातच राहिला. "कसली प्रत?"

"कमाल करता. तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय ना, प्रत्येकाने आपापली प्रत बरोबर बाळगावी म्हणून?"

तिसऱ्या पानावर ते होतंच, खाली दुहेरी रेघ मारून. पूर्वी एकदा कुणीतरी सामायिक भाग परस्पर बदलला आणि दोन दिवस सगळं झोपलं, तेव्हापासून तिने हा नियम धरला होता. जुन्या प्रोग्रामात तो खपून गेला. इथे प्रत्येक प्लगइनला स्वतःचं दार होतं. रुग्ण म्हणजे काय याची एक व्याख्या गाभ्याच्या दाराने आत आली, तीच दुसऱ्यांदा प्लगइनच्या दाराने, आणि सर्व्हरच्या लेखी ती दोन परकी माणसं झाली. चूक योगानंदची नव्हती, कोणाचीच नव्हती, तिच्या सावधपणाची होती. तिने हे त्याला सांगितलं. माफी तिच्या तोंडून निघाली नाही, पण इडली अर्धी करून त्याच्यापुढे सरकवली.

मग दोघं एकेक प्लगइन उघडून आतली प्रत काढत, पुन्हा बांधत सुटले. सव्वाअकराला अकरा प्लगइन चालू होऊन पडद्यावर हिरवे झाले. कोलार उठेना. योगानंदने तिथे आतल्या प्रतीतच काही फेरफार करून घेतले होते आणि ती काढल्यावर ते उघडं पडलं. एव्हाना येऊन पोचलेले शिवलिंगप्पा कुजबुजले की कोलार पडद्यावरून काढून टाका, विचारलंच तर बघू. नागवेणीला मोह झाला. पण तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

ट्रस्टच्या डॉक्टर देचम्मांनी बसायच्या आधीच विचारलं, "हे कोलार लाल का आहे?"

"बिघडलंय. माझ्या चुकीने." नागवेणीने सांगून टाकलं. शिवलिंगप्पांनी डोळे मिटून घेतले. "आता तुमच्यासमोर मी ते काढून टाकते. तोवर तुम्ही मडिकेरीच्या रुग्णाला वेळ द्या."

देचम्मांनी स्वतः नाव टाकलं. नागवेणीने कोलार उपटलं. मडिकेरीचा रुग्ण मंगळवारी सकाळी सहाच्या पाळीत जाऊन बसला, आणि बाकीची दहा केंद्रं जशीच्या तशी हिरवी राहिली.

"हे खरोखर घडलं तर कोलारच्यांनी काय करायचं?"

"वहीत लिहायचं, दुरुस्ती होईपर्यंत. आजवर बाराही ठिकाणी वही काढावी लागत होती."

देचम्मांनी पडद्यावरच्या कोलारच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "माझे बेचाळीस रुग्ण आहेत कोलारात. संध्याकाळी सहाला मला ते परत लागलेलं दिसलं पाहिजे, बाकीचं काही न थांबवता. तोवर मी सही करत नाही. तुमच्या कागदावर नाही, बंगळूरच्याही नाही."

कॉफी न घेताच त्या गेल्या. शिवलिंगप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले. नागवेणीने कोलारचं प्लगइन पडद्यावर उघडलं.

"योगानंद, खुर्ची इकडे ओढ. कोलार तू लिहिलंयस, पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. मी मध्ये ओरडणार नाही."

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.