पंख्याला टांगलेला तांब्या

"आधी खाली जाऊन येतो, साहेब."

कोणाच्याही घरी व्यायामाचं सामान बसवायला गेलं की काकांचं पहिलं वाक्य हेच असायचं. सामान वर चढलेलं, ग्राहक नव्या आरशासमोर दंड फुगवून उभा, आणि आमचे फिटरकाका पिशवीतून एक तांब्या आणि सुतळी काढून जिना उतरायला लागायचे. खालच्या घराचं दार वाजवायचं, स्टुलावर चढायचं, बंद पंख्याच्या दांडीला काठोकाठ भरलेला तांब्या टांगायचा आणि वर ओरडायचं, "पटको भिया!" मग वरच्याने रबराच्या गादीवर वीस किलोची प्लेट टाकायची. खाली काका तोंड वर करून तांब्याकडे बघत उभे. पाणी नुसतं थरथरलं तर जागा पास. चेहऱ्यावर थेंब पडला की चष्मा पुसत वर यायचे आणि सांगायचे, "इथे नाही जमणार. दीवारीकडे सरका."

हे सामान विकणाऱ्या दुकानाचा मी मॅनेजर. नाशिकहून इंदूरला आलो तो हाताखालच्या माणसांना धाकात ठेवायचं ठरवूनच. काका माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, ते स्वतः पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात मशीनं बसवत आणि कारखाना बंद पडल्यावर आमच्याकडे आले होते. असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. काम चोख, पण ते आपल्याच पद्धतीने करणार, मग मालक का बुडेना.

त्यांची पद्धत धंद्याला महागात पडायची. वर जिम होणार हे खालच्यांना कळायचं ते काकांमुळेच. एकदा खालून एक रिटायर्ड अधिकारी बनियनवर धावत आले, "हमारे सिर पर अखाडा खोल रहे हो?" म्हणून भांडले आणि अख्खं सामान परत टेम्पोत चढलं. एकाला ट्रेडमिल बाल्कनीत हवी होती. काका त्याला म्हणाले, "भिया, ही बाल्कनी आधीच हवेत लटकून राहिली आहे. हिच्यावर कपडे वाळवा, पळू नका." तो ग्राहक पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही.

"इंजिनिअर आहात का तुम्ही?" मी विचारलं.

"नाही साहेब. पण मी मशीनं बसवली आहेत. ठेवलेल्या वजनाची मला भीती नाही, पटकलेल्या वजनाची आहे."

मला त्यांचा राग यायचा. दुकानाच्या वार्षिक जेवणात मी स्टुलावर चढून पंख्याला स्टीलचा ग्लास बांधला, चष्मा नाकावर घसरवला आणि काकांची नक्कल केली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. काकाही हसले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "गाठ गलत बांधली साहेब, सुटून जाईल." आणि सगळ्यांसमोर त्यांनी ती नीट बांधून दिली. मला तेव्हा आणखीच राग आला.

अन्नपूर्णा भागातली ती ऑर्डर त्या वर्षातली सगळ्यात मोठी. तीन मजली घर. वरच्या मजल्यावर मालकाचा पहिलवान मुलगा, त्याच्या खालच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून एकट्या राहणाऱ्या रिटायर्ड शिक्षिका. मुलाला व्यायामाचे व्हिडिओ काढायचे होते, म्हणून बारबेलचा तो भला मोठा लोखंडी सांगाडा त्याला खोलीच्या मधोमध हवा होता.

काका पिशवी उघडून म्हणाले, "आधी खाली जाऊन येतो."

"किरायेदार है नीचे," मुलगा म्हणाला. "उससे क्या पूछना?"

काका माझ्याकडे वळले. "साहेब, बीचोबीच नको. जुना स्लॅब आहे. कोपऱ्यात, बीमवर घेऊ. खाली जाड प्लाय, वरून रबर. आणि हा उचलून पटकणार, हे तर दिसूनच राहिलं आहे."

प्लायवूडने व्हिडिओ खराब दिसेल, असं मुलाचं म्हणणं पडलं. त्याचा चेहरा उतरलेला पाहून मी काकांना जिन्यात नेलं आणि विचारलं, "तुम्हाला नोकरी करायची आहे की नाही?"

ते वर गेले आणि त्यांनी मधोमध सांगाडा उभा केला. प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला. पिशवी त्या दिवशी उघडी तशीच पडून राहिली.

दोन महिन्यांनी खालच्या छताचा मोठा पोपडा पडला. बाई पंख्याखाली बसून पेपर वाचत होत्या. उजवा हात खांद्यापासून मोडला तो कायमचाच. पुढे त्यांना स्वतःची वेणीसुद्धा घालता आली नाही.

घरमालक मुलाला घेऊन दुकानात आला आणि पोलिसात जाईन म्हणाला. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हटलं, "फिटरची चूक आहे. मी बजावलं होतं त्याला." हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की त्याआधी ते कधी तयार केलं होतं, ते मलाच आठवेना. मुलाने मान डोलावली, कारण त्यालाही तेच सोयीचं होतं.

माफीनामा मीच लिहिला. मी कोणाला न विचारता सामान मधोमध बसवलं, प्लाय घातली नाही, मॅनेजरने बजावूनही ऐकलं नाही. काकांनी तो कागद दोनदा वाचला.

"साहेब, हे तर उलटं आहे."

"सही केली तर प्रकरण इथेच मिटेल. नाही केली तर पोलीस आधी तुमच्याच घरी येतील. मुलीचं लग्न ठरतंय ना?"

त्यांनी सही केली. त्याच दिवशी मी त्यांना कामावरून कमी केलं.

पुढचं मला दुकानातल्या लोकांकडून कळलं. काका रोज सकाळी बडा गणपती भागातल्या आपल्या घरून सायकलने अन्नपूर्णाला जायचे. बाईंचं पाणी भरायचे, भाजी चिरून द्यायचे, केर काढायचे. बाईंनी तो माफीनामा वाचलेला होता. त्या त्यांना रोज बोलायच्या, "माझा हात खाल्लास तू," म्हणायच्या, आणि काका "हो बाई" म्हणून भांडी विसळायचे. खरं काय ते त्यांनी बाईंना सांगितलं नाही, आणि घरीही नाही. दुकानात आम्ही यावर हसलो. "नवी नोकरी लागली काकांना," असं मीच म्हणालो होतो.

काही वर्षांनी बाई गेल्या. त्यानंतर वर्षभरात काकाही गेले. जाण्याच्या महिनाभर आधी त्यांच्या मुलीचा मला फोन आला. बाबांना हल्ली काही आठवत नाही, पण तुमचं नाव सारखं घेतात, एकदा येऊन जा, म्हणाली. मी गेलो. का गेलो, तर ते कोणाला काय सांगत आहेत, याची मला धास्ती होती.

काका पलंगावर बसले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं आणि हात धरून शेजारी बसवलं. मुलगी चहा घेऊन दारात उभी होती.

"साहेब, एक बात सांगा. माझ्या डोक्यात दोन-दोन गोष्टी फिरून राहिल्या आहेत. एकीत मी तुम्हाला म्हणतो, बीचोबीच नको, आणि तुम्ही मला जिन्यात घेऊन जाता. दुसरीत मी काहीच नाही म्हणत, आपल्या मर्जीनेच बसवून देतो. खरी कोणती?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या सासरी आणि माहेरी सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती, ती कागदावरची. माझं एक वाक्य पुरलं असतं. तेव्हा मला कसलाही धोका उरला नव्हता. बाई नव्हत्या, मालकाने घर विकलं होतं, पोलीस कोणाला हवे होते? मी चहाचा कप हातात घेतला.

"दुसरी," मी म्हणालो.

काकांनी सुस्कारा सोडला. चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी डोळ्यांनी पाहिला.

"बरं झालं सांगितलं," ते म्हणाले. "मी तर मनातल्या मनात तुम्हाला बहुत बुरा-भला बोलून राहिलो होतो, साहेब. इतकी वर्षं." त्यांनी हात जोडले. "माफ करा."

मुलीने मान खाली घातली. मी कप ठेवला, त्यांचे हात खाली केले आणि म्हणालो, "जाऊ द्या काका. केलं माफ."