ऐकणाऱ्याची परीक्षा

दहावीचे पेपर तपासत बसले होते, तेव्हा पाठक सरांच्या मुलाचा फोन आला. "ताई, बाबा सकाळी गेले. चहा झाला होता, पेपर वाचत होते… मान कलली तेवढंच." ऐंशी वर्षांचं भरलेलं आयुष्य, ना दवाखाना ना हाल. असं मरण यायलाही भाग्य लागतं, असं सगळेच म्हणाले, मीही म्हणाले. पण खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला लगेच रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की आता विचारायचं राहूनच गेलं. सरांना ते कळलं होतं का?

देवळाली प्रवरेच्या आमच्या शाळेत सर इंग्रजी शिकवायचे. परीक्षेच्या शेवटच्या दिवशी ते प्रत्येकाला एक इंग्रजी गोष्टीचं पुस्तक द्यायचे. नगरच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं, घरी खळ लावून स्वतः बांधलेलं. सुट्टीत ते वाचायचं, पण एकट्यानं नाही. घरातला इंग्रजी न येणारा एक माणूस समोर बसवायचा, एक पान मोठ्यानं वाचायचं आणि मग मराठीत सांगायचं. "जे लिहिलंय तेच. पदरचं काही घालायचं नाही," ही सरांची सक्त ताकीद. आणि जूनमध्ये परीक्षा आमची नसायचीच, ऐकणाऱ्याची असायची! सर कालव्याच्या कडेनं सायकल मारत घरोघर जायचे आणि गोष्ट विचारायचे. ऐकणारा नापास झाला, तर पोराला पुढचं पुस्तक नाही. माझ्या मैत्रिणीचे आजोबा सरांची सायकल दिसली की थेट उसात शिरायचे. "ह्या वयात मला कशाला इंग्रजीत घालता?" म्हणायचे.

माझी ऐकणारी म्हणजे आई. आठवीनंतरच्या त्या उन्हाळ्यात मला निळ्या पुठ्ठ्याचं एक पातळ पुस्तक मिळालं. एका मुलीची घोडी तिचे वडील लांबच्या बाजारात विकतात आणि ती घोडी दावं तोडून घराकडे चालत निघते, एवढीच गोष्ट. आई शेंगा फोडत ऐकायची. मी एखाद्या शब्दाला अडले की म्हणायची, "आगं, घोडी कुटवर आली ते सांग आदी!" हे एवढं कशासाठी, ते मला ठाऊक होतं. चैत्रातच आमची हरणी गाय दोन दिवसांच्या तापानं गेली होती. आईनं तिला वासरापासून वाढवलेली. रिकाम्या दाव्याकडे बघत ती ताटावरून उठायची. घोडीच्या गोष्टीपासून मात्र पुन्हा दोन घास जास्त खायला लागली होती.

आणि शेवटच्या पानावर ती घोडी घराच्या फाटकापर्यंत येते आणि तिथंच मरते.

मी ते पान मोठ्यानं वाचलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती… आणि मी सरळ थाप मारली. घोडी घरी आली म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर माझं नाव कशाला! तिला शिंगरू झालं, तेही सांगितलं. आई इतकी हसली, की शेंगांचं सूप उलटं झालं.

जूनमध्ये सर आले तेव्हा मी दाराआड उभी. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसून सगळी गोष्ट न अडखळता सांगितली. "आन् सर, शेवटाला घोडी घरी आली बगा. आमची हरणी गेली तवाधरनं काय ग्वाड लागत न्हवतं, पर ही घोडी आली आन् जीव थंड झाला. शिंगरू बी झालं तिला!"

सर गोठ्यातल्या रिकाम्या दाव्याकडे बघत होते. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "शिंगरू कोणत्या रंगाचं, तेवढं मी विसरलो बघा."

"तांबडं. कपाळाव चांद."

"बरोबर. अगदी बरोबर," म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

मी सुटले! पण त्या दिवसापासून एक शंका मनात बसली, की सरांनी ते पुस्तक स्वतः वाचलेलंच नसावं. पुढे मी त्यांच्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, चार वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला, तरी विचारायची हिंमत झाली नाही. वाचलं नाही म्हणाले असते तर सर मनातून उतरले असते, आणि वाचलंय म्हणाले असते तर मी. पुस्तकं वाटताना मात्र आम्ही त्यांची भरपूर थट्टा करायचो. कारण पुस्तक हातात देण्याआधी ते प्रत्येक पोराला विचारायचे, "घरी सगळे बरे ना? आणि गोठ्यात?" सर इंग्रजीचे की जनावरांचे डॉक्टर, असं कुणीतरी म्हणायचंच. सरही हसायचे. निवृत्त झाल्यावरही दर वर्षी त्या दिवशी येऊन ते हाच प्रश्न विचारत राहिले.

तेराव्यानंतर त्यांच्या मुलानं पुस्तकांचं कपाट टेम्पोत घालून शाळेत आणलं. "तुम्हालाच द्यायचं सांगून ठेवलं होतं," म्हणाला. मी आधी निळा पुठ्ठा शोधला. खळीचा वास अजून होता. शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं, सरांच्या त्या शिस्तीच्या अक्षरात लिहिलं होतं : 'ज्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तिथे हे पुस्तक देऊ नये. आधी चौकशी करावी. गोठ्याचीही. चूक माझी.' आणि खाली एक ओळ : 'शिंगरू तांबडं, कपाळावर चांद.'

मग मात्र रडले. पोटभर, बरं वाटेपर्यंत. घरी येऊन आईला खरं सांगावं म्हटलं, तर ती नातवाला तीच गोष्ट सांगत बसली होती आणि शिंगरू आता चांगलं मोठं झालं होतं. राहू दिलं.

गेल्या आठवड्यात सुट्टी लागली. वर्गात कपाट उघडलं. पहिल्या बाकावरची मुलगी पुढे आली, हात पसरून उभी राहिली. मी पुस्तक हातातच धरून ठेवलं आणि विचारलं, "घरी सगळे बरे ना गं? आणि गोठ्यात?"

सगळा वर्ग खो खो हसला. मी उत्तराची वाट बघत थांबले.