पाटावरची डिस्क

आमच्या बोर्डीच्या चिकू सोसायटीत सोनलताई कॉम्प्युटर सांभाळतात. रोज संध्याकाळी सगळ्या कामाची कॉपी डिस्कवर घेऊन, वायर काढून ती डिस्क कपाटात कुलपात ठेवायची, हा त्यांचा नेम. आम्ही हसायचो. त्या खेकसायच्या.

खंडेनवमीला त्यांनी डिस्क कोयत्यांशेजारी पाटावर मांडली आणि कॉम्प्युटरलाही हार घातला. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. तरी चेअरमन उमेशभाईंनी एक मेल बघायला कॉम्प्युटर चालू केलाच. मेलमधली फाइल उघडली आणि स्क्रीन लाल झाली. सगळ्या फाइली लॉक. सोडवायच्या तर पैसे भरा.

ताईंनी धावत येऊन आधी इंटरनेटची वायर उपटली. "डिस्क लावा लवकर!" म्हणत उमेशभाई पाटाकडे झेपावले.

"थांबा! मशीन साफ झाल्याशिवाय लावलीत, तर तीही लॉक होईल!"

ते ऐकेचनात. त्यांनी डिस्ककडे हात नेला.

"उमेशभाई, ती पूजेतली आहे!"

हात जागच्या जागी थिजला.

ताईंनी कॉम्प्युटरवरच्या हाराकडे बोट दाखवलं. "आणि हा?"