मुंगीच्या हाताचा रंग

हातांच्या कारखान्यात नव्याने आलेला माणूस पहिल्या दिवशी जरा बिचकतोच. तारेवर ओळीने हात लटकत असतात, बोटं खाली करून, वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. लहान, मोठे, बायकांचे, पुरुषांचे. रंगारीकाकांची मात्र सगळी हयात त्यांच्यातच गेली होती, त्यामुळे हातांना ते भीत नव्हते. ते भ्यायचे ते वरच्या मजल्यावरून खाली येणाऱ्या नव्या परिपत्रकाला.

काकांचं काम रंगाचं. ज्यांना हात नाही त्यांची मापं इस्पितळात घेतली जायची, साचा शेजारच्या खोलीत व्हायचा, आणि साच्यात ते रबरासारखं मऊ द्रव्य ओतण्याआधी त्यात रंग कालवायचे काका. एकदा ओतलं की संपलं. रंग हाताच्या अंगातच मुरलेला असतो, मागून खरवडून बदलता येत नाही. चुकला तर तो हात फेकायचा आणि पहिल्यापासून नवा करायचा.

फळीवर मूळ रंगांचे चार डबे होते. काका नोकरीला लागले तेव्हा त्यांच्यावर सरळ माणसांचीच नावं होती: डोंगरी, बंदरी, पलीकडचे आणि मिश्र. मागणीच्या चिठ्ठीवर जो गट लिहिलेला असेल तो डबा उघडायचा. कारखान्यात ओरडाही तसाच चालायचा, एक डोंगरी बाई उजवा, दोन पलीकडचे डावे. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, किंवा वाटत असलं तरी बोलायची सोय नव्हती. काका स्वतः डोंगरी. पण त्यांनी डोंगर पाहिला होता तो सहलीला गेले तेव्हा.

मग शहरात वाद पेटला आणि त्याचा धूर कारखान्यातही शिरला. डोंगऱ्यांची तरुण पोरं म्हणाली, हे नाव आम्हाला दुसऱ्यांनी ठेवलेलं, आम्हाला 'मूळचे' म्हणा. त्यांचेच म्हातारे उसळले, की ज्या नावाने आम्ही शिव्या खाल्ल्या तेच आता ताठ मानेने लावणार, तुम्ही कोण पुसणारे? बंदरी लोकांचं म्हणणं, आमच्यात निम्म्यांना पोहताही येत नाही, कसलं बंदर घेऊन बसलात? आणि पलीकडच्यांचा प्रश्न तर साधाच होता. जन्म इथला, शाळा इथली, पासपोर्ट इथला, मग आम्ही नक्की कशाच्या पलीकडचे? मिश्र लोकांच्या वतीने मात्र कुणीच भांडायला आलं नाही, कारण त्यांची संघटनाच नव्हती.

वरच्या मजल्याने समिती नेमली. समितीने नावं काढून डब्यांना नंबर दिले, तेव्हा एका निवृत्त शिक्षकाने आपला नवाकोरा हात टेबलावर ठेवला आणि मी कैदी आहे का, असं विचारून तो तसाच निघून गेला. मग मातीची नावं आली, तांबडी माती, ओली माती वगैरे. ती एका बाईंना झोंबली, आणि झोंबणारच, जिवंतपणी माती म्हणवून घ्यायला कुणाला आवडेल? ती काढून पुन्हा गट आले, नव्या नावांचे, लांबलचक. डब्यांवर कागदावर कागद चिकटून जाड पापुद्रे धरले. आत रंग तोच. घाईच्या वेळी ओरडा व्हायचा तोही जुन्याच नावाचा, फक्त ओरडणारा आता मागाहून जीभ चावायचा.

काकांना या सगळ्याचा वीट आला होता. सुरुवातीला ते बैठकांना जायचे, नंतर चहा येईपर्यंत बसायचे, नंतर तेही सोडलं. दोन्ही बाजूंचं ऐकलं की दोन्ही खरी वाटायची आणि डोकं भणभणायचं. त्यांचा हट्ट एकच होता. डब्यावर काय लिहायचं ते लिहा, पण ज्याचा हात करायचा त्या माणसाला एकदा माझ्या खिडकीत बसवा. रंगखोलीची खिडकी मोठी होती आणि तिथे दिवसभर सारखा उजेड असायचा. काका त्या माणसाचा दुसरा हात आपल्या हातात घेऊन पाहायचे, तळवा, सांधे, मनगटाची आतली बाजू, आणि मगच रंग कालवायचे. वेळ जातो म्हणून वरून कुरकुर व्हायची, पण काकांच्या हातात जादू आहे हेही वरच्यांना ठाऊक होतं. लोक म्हणायचे, काका माणसाची जात बघत नाहीत, कातडी बघतात. हे मत आधी लोकांचं होतं. हळूहळू ते काकांचंही झालं.

घरची गोष्ट वेगळी होती. काकांच्या एकुलत्या एका लेकीने लग्न केलं ते पलीकडच्या मुलाशी. मुलगा बस चालवायचा, निर्व्यसनी, बोलायला मऊ. काकांनी नाही म्हटलं नाही. मांडवात उभे राहिले, पाहुण्यांचं हवं-नको पाहिलं. फक्त लग्नाच्या आदल्या दिवशी लेकीला जवळ बसवून त्यांनी विचारलं होतं, "उद्या तुला पोरं झाली, तर लोकांनी त्यांना काय म्हणायचं?"

लेक म्हणाली, "नावाने हाक मारायची, बाबा."

"ते झालं गं. पण ती कोणाची?"

लेक उठून आत गेली. लग्न झालं, आणि ती पुन्हा माहेरी म्हणून आली नाही. भांडण नाही, तंटा नाही, सणावाराला फोन यायचा, बाबांच्या तब्येतीची चौकशी व्हायची. पण उंबरा ओलांडला नाही तो नाहीच. काकांनीही ये म्हटलं नाही. चुकलो हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच बसून राहायचे. वर्षं गेली तसतसे ते आणखीच जड झाले.

नात झाली. तिला डावा पंजा नव्हता, जन्मतःच. सगळे तिला मुंगी म्हणायचे, कारण ती एका जागी म्हणून थांबायची नाही. काकू दर रविवारी लेकीकडे जायच्या आणि आल्या की काकांपुढे पाढा वाचायच्या. अगदी तुमच्यावर गेली आहे हो. तेच नाक, तसंच हट्टाने ओठ मुडपणं, चालतानाही तुमच्यासारखीच एक खांदा पाडून चालते. काका पेपरातून मान वर करायचे नाहीत, पण पानही उलटायचे नाहीत. त्यांनी स्वतः मुंगीला पाहिलं होतं ते मोजक्या वेळा, कुणाच्या लग्नात, काकूंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी इस्पितळात. एरवी काकूंच्या फोनवरच्या फोटोंत.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा हात हवा असं मुंगीनेच सांगितलं. बालवाडीत गोल करून उभं राहायच्या खेळात तिच्या डाव्या बाजूचं पोर हात धरायला कां-कूं करायचं. ती रडली नाही म्हणे. मला एक हात आणा, एवढंच घरी येऊन म्हणाली. तिच्या वयाच्या मापाचे हात त्या शहरात एकाच ठिकाणी व्हायचे.

मागणीची चिठ्ठी खाली आली ती वरच्या मजल्यावर चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाईंच्या फोनसकट. वय लिहिलेलं, माप जोडलेलं, गटाचा रकाना मात्र कोराच. आईला दोनदा विचारलं, बाई म्हणाल्या, ती म्हणते असाच राहू द्या. आता डबा कोणता उघडायचा? काका म्हणाले, असू दे, माझी नात आहे, मला माहीत आहे.

नियमाप्रमाणे, म्हणजे काकांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे, मुंगीला खिडकीत बसवायला हवं होतं. त्यासाठी लेकीला फोन करायला हवा होता. काकांनी फोन हातात घेतला. काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव केली. पोरीला घेऊन ये, एवढंच तर म्हणायचं होतं. पण पोरीला घेऊन ये म्हटल्यावर पुढचंही म्हणावं लागलं असतं, आणि त्याला लागणारं बळ त्या दिवशी त्यांच्या अंगात नव्हतं. त्यांनी फोन ठेवून दिला. आपल्याच रक्ताचं पोर, तिला काय बघायचंय, असं स्वतःला समजावलं आणि डबा उघडला.

तो हात त्यांनी जीव ओतून केला. इवल्याशा नखांवर पांढुरक्या कडा काढल्या, बोटांच्या पेरांवर सुरकुत्या उमटवल्या, करंगळी जरा वाकडी ठेवली, कारण काकू सांगायच्या तिच्या उजव्या हाताची तशी आहे. मनातल्या मनात त्यांनी सगळा हिशेब या हातावर लावून टाकला होता. हा नीट बसला की लेक बघेल. बघेल आणि समजेल. मग बोलायची गरजच उरणार नाही, आणि ती आपसूक घरी येईल. थकलेली माणसं अशीच वाट शोधतात, जिथे आपण काही न बोलता समोरच्याला सगळं कळेल.

हात बसवायच्या दिवशी तिघं आली. लेक वाळली होती, कानाजवळ केस पिकले होते. जावई दाराशीच थांबून नमस्कार करता झाला, मग आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. मुंगीने मात्र आल्या आल्या तारेवरचे हात बघून कुणाचा मोठा, कुणाचा छोटा ते सांगायला सुरुवात केली. काका वाकून तिच्यासमोर बसले. काम सवयीने झालं. पट्टा ओढला, खटका लावला, हात बसला तो असा की जणू तिथेच वाढला होता. मुंगीने तो वर केला, खाली केला, स्वतःशीच हात मिळवून पाहिला. तिला इतका आनंद झाला की लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी ते पाहिलं, आणि त्यांच्या छातीवरचं एक जुनं ओझं हललं.

मग मुंगी तो हात सगळ्यांना दाखवत सुटली. टेबलापाशी आली, खिडकीपाशी, जिथे उजेड होता. आपले दोन्ही हात तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. काकांनाही ते तिथल्या उजेडात प्रथमच एकत्र दिसले. उजवा उजळ, जरा पिवळसर. डावा चांगलाच सावळा, तांबूस झाक असलेला. मुंगीने मान तिरकी करून पाहिलं, मग टेबलाच्या कडेवर टेकलेल्या काकांच्या हाताशेजारी आपला नवा हात नेऊन ठेवला.

"आजोबा, हा तर तुमचा हात आहे," ती हसत म्हणाली. "तुमचाच छोटा केलाय."

आणि तो होताच. तोच सावळेपणा, तीच तांबूस झाक. एका डब्यातून काढल्यासारखे, आणि खरं तर एकाच डब्यातले. जावयानेही कौतुकाने बघायला आपला हात टेबलावर टेकला होता. त्याने एकदा मुलीच्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि मग स्वतःचा हात हळूच उचलून खिशात घातला.  

लेक बोलली. आवाज चढवला नाही तिने, तिचाही आवाज दमलेलाच होता. "मी तो रकाना रिकामा सोडला होता, बाबा. तुम्ही भरलात."

काका खाली बसले. आयुष्यभरात त्यांनी शेकडो अनोळखी हात याच खिडकीत धरून पाहिले होते. ज्यांच्याशी ना नातं ना ओळख अशांचे. आणि ज्या एका हातासाठी जीव टाकला तो न बघताच केला, डबा मात्र अचूक उघडला, स्वतःचा. त्यांना सबब सांगता आली असती. काकूंवर ढकलता आलं असतं, फोटोंवर ढकलता आलं असतं. पण तेवढीही ताकद नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

"चुकलो गं," ते म्हणाले. हातापुरतं म्हणाले की सगळ्याच वर्षांचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लेकीने मान वळवली, पण उठून गेली नाही.

नवा हात करावा लागणार होता. काकांनी चष्मा पुसला आणि ते जावयाकडे वळले. जे राहून गेलं ते आता तरी करावं, या विचाराने त्यांनी आपला तळवा पुढे केला. "जावईबापू, या इकडे खिडकीत. तुमचा हात बघू द्या नीट. निम्मा रंग त्यातला घेतो."

जावई उठला. टेबलापर्यंत आला. पण त्याने खिशातला हात काढला नाही.

"माझा कशाला, बाबा?" तो म्हणाला. मऊपणेच म्हणाला, नेहमीसारखा. "हात तिचा करायचाय ना? तिला बघा."

 काकांचा तळवा तसाच हवेत राहिला. मग त्यांनी स्टूल खिडकीशी ओढलं आणि मुंगीला त्यावर बसवलं. हलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि ती कधी नव्हे ती खरंच हलली नाही. त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, तळवा वर केला, मनगट उजेडाकडे वळवलं. तो हात त्यांच्या ओळखीचा नव्हता. काका बराच वेळ बघत राहिले.