मामाजींना वाचून दाखवलेलं कलम

आमचं नवं राज्य वेगळं होऊन वर्ष झालं होतं. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं होतं आणि कॉलनीतले आम्ही सगळेच सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या अभ्यासाला लागलो होतो. चौबे कॉलनीतल्या आमच्या गच्चीवर, थंडीतल्या उन्हात, मी राज्यघटना मोठ्यानं वाचत पाठ करायची. आई बाजूला भाजी निवडायची.

एकदा मी वाचलं, की आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा मार्ग राष्ट्रपती थांबवू शकतात. आईनं भाजी बाजूला सारली आणि तिच्या मोठ्या भावाचं सांगू लागली.

मामाजी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. आणीबाणीत मजुरांच्या सभेत बोलले म्हणून पोलीस त्यांना घरून घेऊन गेले. कारण कोणी सांगितलं नाही. आई तेव्हा कॉलेजात होती. आजोबांसोबत तीही वकिलाकडे जायची. वकिलानं जबलपूरला हायकोर्टात अर्ज केला, आशाही दाखवली. मग दिल्लीहून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आणीबाणी उठेपर्यंत माणसाला का धरलं, हे कोर्टालाही विचारता येणार नाही, असं वकिलानं समजावलं.  आणीबाणी उठल्यावर मामाजी सुटले, नोकरी परत मिळाली, पण त्या दिवसांबद्दल ते कधीच बोलले नाहीत.

मी पुढची ओळ वाचली. नंतर घटना बदलली होती. जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टाचं दार आता आणीबाणीतही बंद करता येत नव्हतं. आईनं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "चाल, दादाले वाचून दाखव."

रिक्षानं आम्ही गुढियारीला मामाजींच्या घरी गेलो. नुकतेच निवृत्त झालेले मामाजी अंगणात बसले होते. मी वाचलं. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचलं.

"हे आमच्यावानी लोकायमुळं लिवलं काय?"

"हव, मामाजी."

"मले वाटे, कोणाच्या ध्यानातच नाही."

त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले. तुरुंगात ते इतरांचे अर्ज लिहून द्यायचे, उत्तर एकालाही आलं नाही, तरी लोक रोज कागद घेऊन यायचे. आई ऐकत राहिली, डोळे पुसत.

पुढे दर रविवारी मामाजी आमच्या गच्चीवर यायचे, चहा घ्यायचे आणि माझ्याकडून एकेक कलम समजून घ्यायचे. त्या वर्षी मी नापास झाले, पुढच्या वर्षी नोकरीला लागले. पण मला आठवतात ते नापास झालेल्या वर्षाचेच रविवार.